प्लगइनमध्ये एक्सएसएस निघालं, अपडेट मारलं. एवढ्यावर भागतं का?

तुमच्या शाळेची वर्डप्रेस साइट आहे, वीसेक प्लगइन्स आहेत, त्यातल्या एकात 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' (म्हणजेच एक्सएसएस: परक्याने घुसवलेला कोड तुमच्या साइटच्या पानातून बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू देणारी त्रुटी) असल्याचा मेल होस्टिंगवाल्यांकडून आला आणि तुम्ही अपडेटचं बटण दाबलं. आता आणखी काही करायचं का, आणि साइटला एसएसएल असताना मुळात धोका कसा, असं तुम्ही विचारलंय. मी शाळा, पतसंस्था, दवाखाने अशांच्या छोट्या साइट्स सांभाळतो, त्यामुळे हा मेल माझ्या ओळखीचा आहे.

एसएसएलचं आधी उरकून टाकतो. त्याचा इथे काहीएक उपयोग नाही. एसएसएलमुळे वाटेत कुणाला डोकावता येत नाही. इथे घातक कोड तुमच्याच साइटवरून, त्याच सुरक्षित जोडणीतून ब्राउझरमध्ये उतरतो.

अपडेट केलंत हे उत्तम. पण हल्ला आधीच होऊन गेला असेल तर नुसतं अपडेट म्हणजे वरातीमागून घोडं. असं का, हे कळायला या हल्ल्याचा नेम कुणावर असतो ते पाहायला हवं. बहुतेकांना वाटतं सर्व्हरवर. प्लगइनमधल्या एक्सएसएसचा नेम बहुतेकदा असतो अ‍ॅडमिनच्या ब्राउझरवर, म्हणजे तुमच्यावर.

एक खरं उदाहरण घ्या. 'डब्ल्यूपी मेटा एसईओ' नावाचं प्लगइन आहे. साइटवर नसलेलं पान कुणी मागितलं की ते त्याची नोंद ठेवतं, आणि मागणारा कुठल्या पानावरून आला हेही टिपून घेतं. ही दुसरी माहिती, म्हणजे 'रेफरर', मागणाऱ्याकडूनच येते. त्यात काय लिहायचं हे पूर्णपणे त्याच्या हातात. हल्लेखोरांनी तिथे पत्त्याऐवजी स्क्रिप्टचा टॅग लिहून पाठवला. लॉगिन लागलं नाही, पासवर्ड लागला नाही. नसलेल्या पानाची एक विनंती, बस. स्क्रिप्ट डेटाबेसमध्ये निवांत पडून राहिली. मग अ‍ॅडमिन कधीतरी डॅशबोर्डमध्ये ४०४ ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, यादी बघायला गेला, की ती त्याच्या ब्राउझरमध्ये त्याच्या अधिकारांनिशी चालू. २०२४ च्या मे महिन्यात या प्लगइनवर आणि 'डब्ल्यूपी स्टॅटिस्टिक्स'वर असे हल्ले प्रत्यक्ष चालू असल्याचं 'फास्टली' या कंपनीने जाहीर केलं होतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, की वर्डप्रेसची लॉगिन कुकी जावास्क्रिप्टला वाचताच येत नाही. बरोबर आहे. पण ती चोरायची गरज कुणाला आहे? स्क्रिप्ट मागच्या मागे 'नवीन युजर जोडा' हे पान मागवते, त्यातलं लपलेलं टोकन (फॉर्म खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारी खूण) उचलते, फॉर्म भरते, भूमिका अ‍ॅडमिनची निवडते आणि सबमिट करते. तुम्हाला पडद्यावर फक्त ४०४ ची यादी दिसत असते. सर्व्हरच्या लेखी हे सगळं तुम्हीच केलेलं असतं. नंतर लॉग तपासलात तर त्या विनंतीपुढे तुमच्याच ऑफिसचा आयपी दिसतो आणि लोक बिचाऱ्या क्लार्कवर संशय घेत बसतात.

'लाइटस्पीड कॅश'चं प्रकरण याहून वाईट. लाखो साइट्सवर असलेलं हे प्लगइन. त्यात घुसवलेली स्क्रिप्ट डॅशबोर्डच्या सूचनापट्टीत जाऊन बसायची, म्हणजे कुठलं ठरावीक पान उघडण्याचीसुद्धा वाट बघायला नको. ती त्रुटी ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.७.०.१ या आवृत्तीत दुरुस्त झाली होती. तरी एप्रिल २०२४ मध्ये जुन्या आवृत्त्यांवर हल्ल्यांची लाट आली, आणि साइट्सवर 'डब्ल्यूपीसप-युजर' किंवा 'डब्ल्यूपी-कॉन्फिगयुजर' अशा नावांचे अ‍ॅडमिन उगवले. नावं मुद्दाम अशी, की बघणाऱ्याला वाटावं हे वर्डप्रेसचंच काहीतरी असेल.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. युजर्सची यादी उघडा आणि अ‍ॅडमिन भूमिकेतला प्रत्येक माणूस तुम्हाला तोंडओळखीने तरी माहीत आहे का ते बघा. यादीच्या वर दिसणारा आकडा आणि खालच्या ओळी जुळतात का हेही मोजा, कारण काही मालवेअर स्वतःचा युजर यादीतून लपवतात. शंका आली तर होस्टिंगच्या पॅनेलमधून पीएचपीमायअ‍ॅडमिन (डेटाबेस थेट दाखवणारं साधन) उघडून युजर्सचं टेबल थेट बघा; तिथे लपता येत नाही. त्याच खिडकीत ऑप्शन्स आणि पोस्ट्सच्या टेबलांत 'स्क्रिप्ट' (script), 'इव्हॅल' (eval), 'फ्रॉमकॅरकोड' (fromCharCode) हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा. पहिला शब्द वैध ठिकाणीही सापडेल, गूगल अ‍ॅनालिटिक्सचा कोड वगैरे. पण उरलेले दोन एकत्र आणि मागे आकड्यांची लांबलचक माळ दिसली, तर समजा पाहुणा येऊन गेलाय. अपडेटने प्लगइनचा कोड बदलतो, डेटाबेसमध्ये आधी पडलेली घाण आणि तयार झालेला अ‍ॅडमिन तसाच राहतो. असं काही सापडलं तर सगळ्यांचे पासवर्ड बदला आणि कॉन्फिग फाइलमधल्या सुरक्षा-किल्ल्याही बदला, म्हणजे चालू असलेली सगळी लॉगिन्स एका फटक्यात तुटतात. अनोळखी प्लगइन बसलंय का तेही पाहा. अ‍ॅडमिन मिळाल्यावर पुढची पायरी बहुधा तीच असते.

आता रोजचं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक ज्या गोष्टीने पडतो ती फुकट आहे आणि कुणी करत नाही: अ‍ॅडमिन लॉगिनने रोजची कामं करायची नाहीत. शाळांमध्ये काय असतं, 'अ‍ॅडमिन' नावाचं एकच खातं. त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे, क्लार्ककडे, वेबवाल्याकडे, आणि वार्षिक स्नेहसंमेलनाचे फोटो चढवणाऱ्या सरांकडे. ते खातं कुठल्या तरी ब्राउझरमध्ये दिवसभर उघडं. वर सांगितलेल्या स्क्रिप्टला अधिकार मिळतात ते ज्याच्या ब्राउझरमध्ये ती चालते त्याचे. बातम्या आणि फोटो टाकणाऱ्याला 'ऑथर' भूमिका पुरते, आणि ऑथरच्या ब्राउझरमध्ये चाललेली स्क्रिप्ट नवीन अ‍ॅडमिन बनवू शकत नाही. 'एडिटर' देताना मात्र जरा थांबा: साध्या, एकट्या साइटवर एडिटरलाही पोस्टमध्ये हवा तो एचटीएमएल टाकायची मुभा असते. अ‍ॅडमिन खात्यासाठी वेगळा ब्राउझर ठेवा, काम झालं की लॉगआउट. 'कोणीही नोंदणी करू शकतो' ही खूण काढून टाका. प्लगइन्समधल्या कितीतरी त्रुटी अशा असतात, की 'काँट्रिब्युटर' एवढं साधं खातं असलं तरी शॉर्टकोडमधून (लेखात चौकटी कंसात लिहायची प्लगइनची छोटी आज्ञा) स्क्रिप्ट घुसवता येते. विद्यार्थ्यांना लेख लिहायला तशी खाती वाटली असतील तर तुमच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा.

ऑटो-अपडेटबद्दल लोक घाबरतात, 'साइट तुटली तर?' तुटते कधीकधी. पण बॅकअप असेल तर तुटलेली साइट तासाभरात उभी करता येते. २०२३ च्या मे महिन्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स'मधल्या एक्सएसएसची माहिती नमुना कोडसकट प्रसिद्ध झाली आणि चोवीस तासांच्या आत तोच नमुना जशाच्या तसा वापरून साइट्स धुंडाळल्या जात असल्याचं 'अकामाई' या कंपनीला दिसलं. वीस लाखांहून जास्त ठिकाणी असलेलं प्लगइन ते. तुम्ही रविवारी निवांत अपडेट करणार असाल तर मधले दिवस हल्लेखोरांचे. वर्डप्रेस ५.५ पासून प्रत्येक प्लगइनपुढे ऑटो-अपडेटची सोय आहे, ती चालू करा. थीमसोबत फुकट आलेल्या प्लगइन्सना ती बऱ्याचदा लागू होत नाही, तिथे हाताने लक्ष ठेवावं लागतं. आणि अधिकृत संग्रहातून एखादं प्लगइन काढून टाकलं गेलं तर तुमचा डॅशबोर्ड तुम्हाला ते आपणहून सांगत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकाचं पान उघडून बघा.

जे वापरात नाही ते नुसतं डिअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवू नका, डिलीट करा. २०१५ मध्ये 'जेनेरिकॉन्स' या आयकॉन-संचात नमुना म्हणून दिलेली एक एचटीएमएल फाइल 'जेटपॅक' प्लगइन आणि 'ट्वेंटी फिफ्टीन' थीमबरोबर असंख्य सर्व्हरवर पोचली होती. तिच्यात एक्सएसएस होतं. थीम चालू असो वा बंद, फाइल सर्व्हरवर असली की पत्ता टाकून उघडता येत होती. वर्डप्रेस ४.२.२ ने काय केलं, तर ती फाइल सरळ उडवली. त्या प्रकरणात फायरवॉलही (सर्व्हरवर येणाऱ्या घातक विनंत्या अडवणारी व्यवस्था) हतबल होती, कारण घातक मजकूर पत्त्यातल्या 'हॅश' चिन्हाच्या पुढे असायचा आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

म्हणून फायरवॉल जरूर बसवा, पण तिच्या भरवशावर झोपू नका. 'वर्डफेन्स' या फायरवॉल प्लगइनच्या फुकट आवृत्तीत नवे नियम पैसे भरणाऱ्यांपेक्षा तीस दिवस उशिरा येतात, आणि ते तीस दिवसच कळीचे. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणारे नियम, हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात पक्का उपाय, पण वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये पानातच लिहिलेल्या स्क्रिप्ट्स इतक्या, की कडक नियम लावला की निम्मी बटणं मरतात. तुमच्यासाठी मी तो भाग सोडून देईन.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की प्रवेशअर्जाचं प्लगइन एका ओळखीच्या मुलाने बनवून दिलंय. मला खरी काळजी त्याची वाटते, कारण त्याबद्दल मेल पाठवणारं जगात कुणी नाही. त्याला एवढंच विचारा: माहिती डॅशबोर्डमध्ये दाखवताना एस्केप करतोस का (म्हणजे तिच्यातली खास चिन्हं ब्राउझरने कोड म्हणून नाही, साधा मजकूर म्हणून वाचावीत अशी बदलतोस का)? 'फॉर्म घेतानाच सॅनिटाइझ करतो', म्हणजे आलेली माहिती आधीच साफ करून ठेवतो, हे उत्तर पुरेसं नाही. वर्डप्रेसचं नेहमीचं सॅनिटाइझ फंक्शन टॅग काढतं, पण अवतरणचिन्ह ठेवतं. नावाचा रकाना एखाद्या इनपुट बॉक्सच्या व्हॅल्यूमध्ये दाखवला की त्या एका अवतरणचिन्हाने व्हॅल्यू बंद होते आणि पुढचं सगळं ब्राउझरला हुकूम म्हणून वाचायला मिळतं. तुम्हाला कोड न येताही तपासता येईल: अर्जात विद्यार्थ्याचं नाव दुहेरी अवतरणचिन्ह मधोमध घालून भरा, मग डॅशबोर्डमध्ये तो अर्ज दुरुस्तीसाठी उघडा. नाव चिन्हासकट पूर्ण दिसलं तर ठीक. चिन्हापाशी तुटलेलं दिसलं तर त्या मुलाला फोन लावा आणि तोवर ते प्लगइन बंद ठेवा.