सूर दुरुस्त करण्याआधी

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. गळा छान आहे, म्हणूनच सांगतो: सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तेच कडवं अजून तीन-चार वेळा गा आणि प्रत्येक टेकमधल्या (म्हणजे एका वेळच्या रेकॉर्डिंगमधल्या) चांगल्या ओळी निवडून जोड. निम्मं काम तिथेच होतं. जोड श्वासाच्या जागी दे, छोटा क्रॉसफेड ठेव (एक तुकडा विरत जातो तसा दुसरा वर येतो), नाहीतर 'टक्' असा आवाज येतो.

मग सूर. लगतच्या दोन स्वरांमधलं (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या शेजारच्या पट्ट्यांमधलं) अंतर, म्हणजे एक सेमीटोन, 100 सेंटचं असतं. सॉफ्टवेअरमधल्या सुराच्या ग्राफवर 10-15 सेंटचा फरक दिसला की हात शिवशिवतात, पण डोळे मिटून ऐक. कानाला खटकत नसेल तर हात लावू नकोस. ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरमध्ये रीट्यून स्पीड (सूर किती झटकन ओढायचा ते) शून्याकडे नेलास की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि कंप सपाट होतात, आवाज यंत्रासारखा वाटतो. मेलोडाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर वेगळा धरता येतो, म्हणून मला तेच आवडतं. लांबवलेला, ओळीच्या शेवटी टेकणारा स्वर आधी तपास. चूक तिथेच उघडी पडते. दुरुस्ती नेहमी कोरड्या, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावलेल्या आवाजावर कर, रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) नंतर.

तालाचं थोडक्यात: सगळंच गाणं सारखं मागे पडत असेल तर दोष तुझा नसून लेटन्सीचा, म्हणजे रेकॉर्डिंग यंत्रणेतल्या विलंबाचा असू शकतो. तेव्हा आख्खा ट्रॅक सरकव. एखादाच शब्द उशिरा येत असेल तर तेवढाच हलव, आणि व्यंजन नव्हे, त्यानंतर येणारा स्वर (अ, आ, इ यांसारखा) ठेक्यावर बसव. ग्रिडला (पडद्यावरच्या तालाच्या रेघांना) सगळं चिकटवू नकोस. शेवटचा बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवलीस ना?