मुद्दाम हरणारा खेळाडू दोषी की नियम?

पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून एखादा संघ जाणूनबुजून हरला तर दोष कुणाचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते मोठा दोष नियम करणाऱ्यांचा. शिक्षा मात्र बहुतेक वेळा खेळाडूंनाच होते, आणि याचाच मला राग येतो.

2012 चं लंडन ऑलिंपिक घ्या. बॅडमिंटनमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच बाद फेरीआधी गटसाखळी ठेवली होती. महिला दुहेरीत चीनची एक जोडी डेन्मार्ककडून हरून गटात दुसरी आली. त्यामुळे चीनच्याच अग्रमानांकित वांग शियाओली आणि यू यांग यांनी आपला गट जिंकला असता, तर अंतिम फेरीआधीच दोन्ही चिनी जोड्या समोरासमोर येण्याची शक्यता होती. त्यांचं पुढच्या फेरीतलं स्थान पक्कं होतं, समोरच्या कोरियन जोडीचंही. मग सर्व्हिस थेट नेटमध्ये, साधे फटके कोर्टाबाहेर. सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, रेफरीने कोर्टवर येऊन समज दिली, तरी फारसा फरक पडला नाही. त्याच संध्याकाळी आणखी एका सामन्यात दुसरी कोरियन जोडी आणि इंडोनेशियाची जोडी तशाच खेळल्या. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या अपात्र.

तिकीट काढून आलेल्या लोकांची फसवणूक झाली, हे खरंच. पण त्या मुलींनी वर्षानुवर्षं घाम गाळला तो पदकासाठी, आणि त्या दिवशी पदकाची सोपी वाट पराभवातून जात होती. जीव तोडून खेळणाऱ्याचाच तोटा होईल असा आराखडा त्यांनी आखला नव्हता. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दुहेरीत गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांची पुढची लढत गटसाखळी संपल्यावर सोडत काढून ठरवली. इतका साधा उपाय आधी का सुचू नये?

याहून विचित्र प्रकार जानेवारी 1994 मध्ये फुटबॉलच्या कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत झाला. जादा वेळेतला निर्णायक गोल दोन गोलांइतका धरायचा, असा नियम होता. बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. 2-0 अशी आघाडी असताना शेवटच्या काही मिनिटांत ग्रेनाडाने एक गोल फेडला. तेव्हा बार्बाडोसने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारून 2-2 केलं, म्हणजे सामना जादा वेळेत जाईल. आता ग्रेनाडाला कुठल्याही बाजूचा गोल चालणार होता, 3-2 ने जिंकून किंवा 2-3 ने हरून! त्यामुळे बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोलपोस्ट राखत धावत होते. जादा वेळेत त्यांनी गोल केला आणि 4-2 ने पुढे गेले. मी त्यांना अजिबात दोष देणार नाही. स्पर्धेत टिकण्यासाठी ते शेवटपर्यंत झुंजले.

माझा आक्षेप आहे तो 1982 च्या फुटबॉल विश्वचषकातल्या पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया सामन्यासारख्या प्रकाराला. जर्मनीने एक-दोन गोलांनी जिंकलं तर दोघंही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि नंतर चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. त्यात बळी गेला अल्जेरियाचा, ज्यांनी त्याच जर्मनीला हरवलं होतं. दुसऱ्या सामन्याचा निकाल आधी कळून असा हिशेब करता येऊ नये म्हणून 1986 पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. तरीही एखाद्या निकालात दोघांचंही भागत असेल तर मोह उरतोच, आणि तिसऱ्याचा हक्क असा संगनमताने मारला, तर तिथे मी खेळाडूंनाच जबाबदार धरेन.