'आवृत्ती' की 'पुनर्मुद्रण'?

प्रश्न : जुन्या पुस्तकांचे विक्रेते 'पहिली आवृत्ती' म्हणून जादा पैसे मागतात. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक काय? आणि 'पहिली' ओळखायची कशी?

उत्तर : 'आवृत्ती' म्हणजे मुळात फिरून येणे, पुन्हा होणे. गणेशोत्सवात अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, तो शब्दही याच 'आ + वृत्'मधला. त्यामुळे पुस्तक पुन्हा छापले की 'दुसरी आवृत्ती' म्हणायची मराठी प्रकाशकांची सवय शब्दार्थाला सोडून नाही. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत तिला आधारही होता. फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पृष्ठे, बहुधा १६) छापून झाला की खिळे सोडून पुन्हा खणांत टाकत. पुढच्या वेळी जुळाऱ्याला सगळा मजकूर नव्याने जुळवावा लागे. जुन्या चुका जात, नव्या येत. म्हणजे लेखकाने अक्षरही बदलले नसले तरी पुस्तक वेगळे होई. ऑफसेट (पानाचा फोटो घेऊन पत्र्यावरून छपाई) आले, तोच मजकूर पुन्हा न जुळवता छापता येऊ लागला आणि हा आधार गेला. आता मजकूर बदलला तर 'आवृत्ती', तोच राहिला तर 'पुनर्मुद्रण', असेच लिहावे. संग्राहक पैसे मोजतो ते पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या मुद्रणाला.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. पहिली आवृत्ती १८३१ची. १८५७ची दुसरी सुधारून वाढवलेली, म्हणून खरी आवृत्ती. पुण्यात १९७५ साली निघाले ते या दुसरीचे पुनर्मुद्रण. शब्द शोधणाऱ्याने १८५७चा मजकूर वापरावा, तोच अधिक भरीव आहे. संग्राहक मात्र १८३१च्या प्रतीमागे जाईल.

ओळखण्यासाठी आधी मुखपृष्ठ सोडून आतले श्रेयपान (प्रकाशक, मुद्रक, साल यांची माहिती असलेले पान) पाहा. १८६७च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले. ते पान फाटलेले असेल तर संशय घ्या. साल शकात असेल तर ७८ मिळवा, वर्षाअखेरचे पौष-माघ-फाल्गुन असतील तर बहुधा ७९. शके १७७९ला कोणी इसवी सन समजले, तर पुस्तक ७८ वर्षांनी म्हातारे होते!

जुने शीर्षकपान जसेच्या तसे ठेवून काढलेली ऑफसेट प्रत पुष्कळांना फसवते. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळ्यांचा दाब बऱ्याचदा हाताला लागतो, ऑफसेटचे पान सपाट असते. शिळाछापालाही (दगडावरून केलेल्या छपाईला) असा दाब नसतो, म्हणून तिथे ही खूण चालत नाही. हस्ताक्षरासारखे वळण आणि कागद पाहावा लागतो.

साल जुने असले म्हणजे किंमत येतेच असे नाही. जुनी पंचांगे आणि क्रमिक पुस्तके ढिगाने निघतात, पण मागणारा नसेल तर ती रद्दीच्याच भावाने जातात. मागणी आणि मोजक्या प्रती असूनही भाव पडतो तो अवस्थेमुळे. वेष्टन हरवलेले असते, कसर लागलेली असते, किंवा ग्रंथालयाचे शिक्के पडलेले असतात. सगळ्यांत वाईट म्हणजे हौसेने केलेली नवी बांधणी, कारण बांधणारा कडा कापतो आणि मूळ मुखपृष्ठ टाकून देतो. चिकटपट्टी तर लावूच नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, आणि तो डाग निघत नाही. विकत घेण्यापूर्वी फर्म्यांचे आकडे (प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी असतात) ओळीने मोजा, म्हणजे एखादा फर्मा गळला असेल तर लगेच कळेल.