टेम्पोवरचा फलक

प्रश्न : माझा टेम्पो आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या डाईंगला कॉस्टिक लायचे (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचे) ड्रम पोचवतो. धोकादायक मालाचा फलक लावायलाच हवा का? पुढे ‘सावधान’ रंगवलंय, तेवढं चालेल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही दादा, चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 134 वा नियम पाहा. फलक तीन जागी लागतो, दोन्ही बाजूंना आणि मागे. त्यावर मालाचं नेमकं नाव किमान 50 मिलिमीटर अक्षरांत, यूएन क्रमांक (धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेला ओळख क्रमांक) 100 मिलिमीटर आकड्यांत, 250 मिलिमीटरचं चौकोनी वर्गचिन्ह (धोक्याचा प्रकार दाखवणारं चित्र), शिवाय आपत्कालीन फोन आणि माल पाठवणाऱ्याचं नाव-फोन. कॉस्टिक लायचा क्रमांक 1824, वर्ग 8. हात आणि धातू खाणाऱ्या थेंबांचं ते चिन्ह.

मी डाईंगमध्ये सुपरवायझर होतो. एकदा गेटवर ड्रम गळला. फलक नव्हता, ड्रमवर चिठ्ठीही नव्हती. हमालाला ते हाताला साबणासारखं बुळबुळीत लागलं, म्हणून त्यानं पँटला पुसलं. जळजळ सुरू होईपर्यंत उशीर झाला होता. मांडीवरचा डाग आजही आहे. 1824 दिसला असता तर आम्ही त्याला तिथेच कपडे काढून नळाखाली धरलं असतं.

ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे ना, तेही बघा. रिकामे, न धुतलेले ड्रम परत नेतानाही फलक काढू नका. तळाला उरलेली लायसुद्धा तितकीच भाजते.