‘हायवे टच’ म्हणजे हायवेवर जायचा हक्क नव्हे

प्रश्न: राष्ट्रीय महामार्गालगतच्या प्रकल्पात मी तीन वर्षांपूर्वी एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. जाहिरातीत ‘हायवे टच’ असं ठळक छापलं होतं. विकासकाने महामार्गाचा लोखंडी कठडा काढून, कडेच्या गटारात मुरूम भरून थेट रस्ता काढला. हा रस्ता अनधिकृत आहे, तो बंद करू, अशी नोटीस आता त्याला आली आहे. ‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे, ले-आउट मंजूर आहे, बाकीचं होऊन जाईल,’ असं तो सांगतो. मागून फक्त अरुंद पाणंद आहे. आम्ही चौदा प्लॉटधारकांनी काय करावं?

उत्तर: तुमची जमीन महामार्गाला लागून आहे, हे खरं. पण त्यावरून गाडी महामार्गावर न्यायचा हक्क मिळत नाही. राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (भूमी व वाहतूक) कायदा, 2002 चं कलम 28 सांगतं, की महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय कोणालाही वाहनाने महामार्गावर प्रवेशाचा हक्क नाही. परवानगी कशी मागायची, ते कलम 29 मध्ये आहे. ग्रामपंचायतीला ही परवानगी देण्याचा अधिकारच नाही. ले-आउटची, म्हणजे प्लॉट पाडल्याच्या नकाशाची, मंजुरीही वेगळी. नकाशात रस्ता महामार्गापर्यंत दाखवला म्हणून तो तिथे जोडता येतो असं नाही. टोलनाक्यावरच्या साहेबांनी ‘चालतंय’ म्हटलं असेल, तर त्याला शून्य किंमत.

त्यामुळे नोटिशीविरुद्ध थेट मनाईहुकूम मागायला धावू नका. परवानगीचा कागदच नसेल, तर न्यायालयात उभं राहायला पाय नाहीत. शिवाय गटार बुजवलंय, हे तुमच्या बाजूचं सगळ्यात दुबळं अंग आहे. पावसाचं पाणी रस्त्यावर साचलं तर महामार्ग प्राधिकरण एक दिवसही थांबणार नाही, आणि थांबूही नये.

आधी माहिती अधिकारात प्राधिकरणाकडे दोनच गोष्टी विचारा: जमिनीच्या या गट क्रमांकासाठी प्रवेश परवानगीचा अर्ज आला आहे का, आणि आला असल्यास तो कुठे अडला आहे. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. ‘होऊन जाईल’चा अर्थ अनेकदा ‘अर्जच केलेला नाही’ असा निघतो, हे अनुभवाने सांगतो.

दरम्यान चौदा जणांच्या सह्यांनी प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना निवेदन द्या. आमचा दुसरा वाहनमार्ग नाही, गटार मोकळं करायला आमची हरकत नाही, नियमानुसार प्रवेशरस्ता बांधायची तयारी आहे, तोवर मुदत द्या, असं त्यात लिहा. नियमानुसार म्हणजे वाहनांचा वेग कमी करायला आणि वाढवायला वेगळ्या मार्गिका, गटारासाठी मोरी, शिवाय परवाना शुल्क. खर्च मोठा आहे आणि तो विकासकाचा आहे. जवळून सेवा रस्ता (सर्व्हिस रोड) जात असेल, तर त्याला जोडण्याची मागणी आधी करा. ती मान्य होण्याची शक्यता जास्त.

कोणी सांगेल, तहसीलदारांकडे कलम 143 खाली रस्ता मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं ते कलम शेतात बांधावरून जायच्या वाटेसाठी आहे. तुमच्या एनए प्लॉटला त्याचा उपयोग नाही.

खरा दावा विकासकावर आहे. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 12 नुसार, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर पूर्ण रक्कम व्याजासह. त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या, संकेतस्थळावर त्याने प्रवेशरस्त्याबद्दल काय जाहीर केलंय, ते आजच उतरवून ठेवा, उद्या बदलू शकतं. आणि ते ‘हायवे टच’वालं पत्रक रद्दीत गेलं नसेल, तर तेच तुमचा पहिला पुरावा. चौदापैकी एकाकडे तरी असेलच, विचारा.