समाजाच्या नीतीचा मापदंड बायबलच असावा, असे सर्व ख्रिस्ती मानतात का?

नाही. बायबल प्रमाण आहे यावर एकमत असले, तरी ते एकटेच प्रमाण आहे का आणि ख्रिस्ती नसलेल्यांवरही लादावे का, हे वाद जुने आहेत. प्रोटेस्टंट परंपरा ‘केवळ शास्त्र’ (म्हणजे फक्त बायबल) या तत्त्वावर उभी आहे. कॅथलिक चर्च शास्त्राबरोबर परंपरेलाही प्रमाण मानते आणि मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसला अनुसरून नैसर्गिक नियम (मानवी स्वभावातच रुजलेला नीतिनियम) बुद्धीने कोणालाही कळू शकतो असे सांगते. त्याला आधार बायबलमधील रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा, जिथे नियमशास्त्र (मोशेचे धर्मनियम) नसलेल्यांच्याही अंतःकरणावर त्याचे आचार लिहिलेले आहेत असे पत्राचा लेखक प्रेषित पौल म्हणतो.

खरी अडचण अर्थ लावण्याची आहे. 19व्या शतकातील अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातून, पौलाने अनेसिम या दासाला धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवल्याचा दाखला दिला, तर विरोधकांनी त्याच पत्रातील ‘दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून’ त्याला स्वीकारण्याच्या विनंतीवर बोट ठेवले. (माझ्या मते दुसरे वाचन पत्राच्या रोखाशी अधिक प्रामाणिक आहे.)

कायद्याने सक्ती करण्याविषयी म्हणाल, तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल स्वतःच विचारतो, की बाहेरच्यांचा (म्हणजे ख्रिस्ती मंडळीबाहेरच्यांचा) न्याय करणे माझ्याकडे कोठे आहे?