इन्स्टॉल सुरू झाल्यावर नेट मागू नका

गावच्या वाचनालयासाठी केलेल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजच्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पॅकेज बसवताना शेवटी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, ‘पिप इन्स्टॉल’ (पायथनच्या लायब्ररी नेटवरून आणून बसवणारी कमांड) टाकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, टाकू नका.

धारणी तालुक्यातल्या एका शाळेची लॅब मी सांभाळतो. मागच्या पावसाळ्यात असंच एक पॅकेज बारा मशीनवर टाकत होतो. चौथ्यावर असताना लाइन गेली, मागोमाग टॉवरही. लाइन आली, टॉवर काही आला नाही. शिपाईकाका दारातून विचारतात, ‘सर, अजून फिरूनच राहिलं का ते?’ पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेलं. दुसरं काहीही टाकायला जा, आधी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालायची आणि नेट नाही म्हणून पुन्हा एरर. पोरं तासभर बसून वर्गात परत गेली, त्याचं फार वाईट वाटलं.

एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेजेस आणणारं साधन, तेपण नेटवरूनच आणतं, हे खरं. पण क्रम बघा. ते आधी सगळी पॅकेजेस उतरवून घेतं, सही असलेल्या यादीशी हॅश (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा ठसा) जुळवतं आणि मगच उघडतं. उतरवताना नेट गेलं, तर मशीनचं काही बिघडत नाही. पिपने रूट म्हणून (मशीनचे पूर्ण अधिकार घेऊन) आणलेल्या फाइलींची मात्र डीपीकेजीकडे, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रामकडे, नोंदच नसते. पॅकेज काढलं तरी त्या तशाच पडून राहतात. डेबियन 12 पासून तर पिप सिस्टिममध्ये असं काही टाकायला सरळ नकार देतं.

नेट चांगलं असलं तरी समोरची फाइल जागेवर असेलच असं नाही. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारावरून काढलं आणि जगभरातले बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायची कामं) अडले.

जे डेबियनमध्ये आहे ते ‘डिपेंड्स’मध्ये, म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या यादीत, लिहा. उरलेलं ‘पिप डाउनलोड’ने आधीच आणून पॅकेजमध्ये भरा आणि ‘नो-इंडेक्स’ (नेटवर शोधू नको असं पिपला सांगणारा पर्याय) देऊन त्यातूनच वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून अलग ठेवलेल्या पायथनच्या फोल्डरमध्ये, टाका. मी परतवाड्याला गेलो की उतरवून पेनड्राइव्हवर आणतो. उतरवायचं मशीन त्याच डेबियनचं, त्याच आर्किटेक्चरचं (प्रोसेसरच्या प्रकाराचं) हवं, नाहीतर व्हील फाइली (पायथनच्या तयार पॅकेज फाइली) बसत नाहीत. यात एक जबाबदारी अंगावर येते: आत भरलेल्या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली, तर नवीन पॅकेज तुम्हालाच काढावं लागेल. ते टाळू नका.

वाचनालयात नेण्याआधी एका कोऱ्या मशीनची नेटची वायर काढून टाकून बघा. अडलं तर एररची शेवटची ओळ पाठवा, मी बघतो.